दिलेली कुस्ती

आमची पोस्ट उत्तर काश्मीरमध्ये, एका नाल्याच्या वरच्या अंगाला होती. सकाळी पीटी, मग हत्यारांची सफाई, मग ड्यूटी. रविवारी मी आणि नाईक संपत हेलिपॅडशेजारच्या सपाटीवर कुस्ती खेळायचो. संपत फलटणचा, मी कवठे महांकाळचा. दर वेळी तोच मला पाडायचा. मी चिडलो की म्हणायचा, "रुसतोस काय रं गड्या? ऊठ, परत धर."

एका सकाळी आमची गस्तीची तुकडी नाल्यात उतरली. संपत पुढं, मी मागं. पलीकडच्या झाडीतून फायर आला. पहिल्याच बर्स्टमध्ये संपत पडला. त्याच्याकडं सरकताना माझ्या उजव्या गुडघ्यात गोळी घुसली. सेक्शन कमांडर रेडिओवर ओरडत होता, "दो कॅज्युअल्टी. कव्हर फायर दो. ओव्हर." संपतला दगडाआड ओढलं, तेव्हा तो गेला होता.

माझा गुडघा सांधला, पण पलटणीत जागा उरली नाही. लो मेडिकल कॅटेगरीचा शेरा घेऊन, फौज सोडून घरी आलो. निघताना डॉक्टरसाहेब म्हणाले होते, "चालाल. कुस्तीचं मात्र विसरा." मला तेवढंच विसरायचं नव्हतं. एकदा तरी मैदानात खरी कुस्ती लढायची, हरलो तरी बेहत्तर, हे मी मनाशी पक्कं केलं.

गावच्या तालमीत नाना वस्तादांकडं गेलो. लहानपणी मला लंगोट बांधायला शिकवला तो त्यांनीच.

"घाई न्हाई करायची," नाना म्हणाले. "आधी माती उकर."

मग रोज खोऱ्यानं आखाड्याच्या हौद्यातली लाल माती उकरायची, तिच्यात ताक, तेल, हळद कालवायची. कितीतरी महिने एवढंच काम. पहिली बैठक मारायला खाली बसलो तो उठताच येईना. दोघांनी काखेत हात घालून उचललं. नाना नुसतं म्हणाले, "उद्या परत." गुडघा सुजायचा, शेकायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दोन पावसाळे असे गेले. मी कितीदा कातावलो, नाना एकदाही कंटाळले नाहीत. त्यांच्या धीरावरच माझा धीर टिकला.

शेवटी गावच्या जत्रेच्या मैदानात माझी कुस्ती लागली. समोर कुंडलकडचा विलास, चांगला तयार गडी. हलगी कडाडली, सलामी झाली. मी त्याच्या मानेवर हात टाकला, खाली वाकून त्याचा पाय ओढत पट काढला आणि तो चीतपट झाला. लोक शिट्ट्या मारत आत घुसले. मला खांद्यावर घेतलं, फेटा बांधला. पण विलासनं पाय रोवलाच नव्हता. लढणाऱ्याचं वजन हाताला कळतं, ते मला लागलंच नाही.

मैदानामागं त्याला गाठलं. "लढला का न्हाईस?"

त्यानं मान खाली घातली. "नाना म्हणालं, फौजीला पाडू नगंस. गावाचा मान हाय. वस्तादाचा शबुद कसा मोडू?"

मी तसाच नानांपुढं उभा राहिलो. "आवं नाना, हे काय केलंसा?"

"जखमी जवानाला आपल्याच मैदानात पडू द्यायचं व्हय रं? त्यात तुजा गुडघा. परत मोडला असता म्हंजे?"

"परत बसवला असता. मग दोन वर्सं मला माती कशाला उकरायला लावली?"

मी फेटा काढून त्यांच्या पायाशी ठेवला.

नाल्यापलीकडून ज्यानं गोळी घातली, त्याचा राग माझ्या मनातून कधीच गेला. तो शत्रू होता, त्यानं त्याचं काम केलं. नानांचा राग अजून जात नाही. केसानं गळा कापला त्यांनी, आणि तोही मायेनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विलासला तालमीत बोलावलं. आत फक्त आम्ही दोघं. "कुस्ती सोडलीस तर तुजं तोंड बघणार न्हाई," मी बजावलं. तो लढला. मीही जीव तोडून लढलो, एकदा त्याच्या पकडीतून निसटलोसुद्धा. मग त्यानं ढाकेचा डाव टाकला आणि माझी पाठ मातीला टेकली.

विलास हात द्यायला वाकला. मी त्याला थांब म्हणालो आणि तसाच पडून राहिलो. डोळ्यांतून पाणी कधी आलं ते कळलं नाही. संपत गेल्यापासून मला कुणी खरं पाडलंच नव्हतं.