मामांचा कान आणि जगाचा गलबला

अख्ख्या वऱ्हाडात आपला कान ठणठणीत आहे आणि बिघडलंय ते जग, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा सख्खा मामा निघाला. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाला मामांचा भाजीचा मळा होता. मी तेव्हा अमरावतीला मास्तरकी करायचो आणि सुट्टी लागली की मळ्यातली वांगी खायला अकोला गाठायचो. "मी बहिरा? मी?" असं म्हणत मामा मला भर दुपारी विहिरीच्या काठावर नेत आणि बोट वर करून म्हणत, "आयक. बेडूक उतरून राहिला पाण्यात." मला डोंबल ऐकू येत नसे. थोड्या वेळानं खरंच एक बेडूक पाण्यावर तरंगताना दिसे, आणि मामा माझ्याकडे असे बघत की मास्तरकीचा राजीनामा द्यावासा वाटे. गंमत म्हणजे त्यात खोटं काही नव्हतं. भोवती शांतता असली की मामांना कुजबुजसुद्धा ऐकू येई. पण चार माणसं जमली, रस्त्यानं एखादी बैलगाडी गेली, की संपलं. गलबल्यात त्यांना आवाज सगळे येत, शब्द एकही कळत नसे. "माहा कान कमी नाई रे," ते म्हणत, "गलबला जास्त हाये."

रोगाचं निदान एकदा असं ठरल्यावर औषध कानाला कशाला? मामांनी जगाचाच इलाज सुरू केला. एरंडेलाचा डबा घेऊन त्यांनी जुन्या शहरातल्या बैलगाड्यांच्या चाकांना तेल पाजलं, मग पूल ओलांडून जठारपेठेतल्या गाड्यांना पाजलं. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटांत चिंध्या कोंबल्या. शेळ्या आवाज न करता कुठे कुठे निघून गेल्या आणि तिघे शेळीवाले मळ्यात भांडायला आले. तिघे एकदम ओरडत असल्यामुळे मामांना काही कळलं नाही, म्हणून ते प्रत्येक शिवीला प्रेमानं मान डोलावून "हो, हो" म्हणत राहिले. न ऐकलेल्या गोष्टीला मामांचं हे ठरलेलं उत्तर होतं. एकदा असंच गावातल्या नाटकवाल्यांना "हो, हो" म्हणून बसले, आणि तालमीचं बोलावणं आलं तेव्हा समजलं की आपण झुपकेदार मिशांसकट राणीच्या कामाला होकार दिलाय. शब्दाचे पक्के, त्यामुळे तीन तालमी केल्यासुद्धा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, गंगूचं, वैशाखात लग्न झालं आणि ती अकोटला गेली. नवरा तिथल्या जिनमध्ये फिटर. कापसातली सरकी वेगळी करणारी ती यंत्रं, आणि गंगूचं घर जिनच्या मागच्या भिंतीला लागून. दिवाळीपासून होळीपर्यंत दिवसभर अशी घरघर की फळीवरची भांडी आपोआप सरकत कडेला येत. पावसाळ्यात जिन बंद, पण पावसाळ्यात काळ्या मातीची वाटही बंद. घरात सासू नाही, म्हातारा सासरा आणि नवरा, म्हणून गंगूला चूल सोडून दिवाळीलासुद्धा माहेरी येता आलं नाही. आणि मामीचा एक हट्ट होता. "लेकीनं बोलावल्याबिगर मी तिच्या घरी पाय नाई ठेवत." मग उरले मामा. दर पंधरवड्याला पिशवीत वांगी आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, भरून ते सकाळच्या मोटारीनं जात आणि दुपारच्या मोटारीनं परत येत. गंगू डोक्यावरचा पदर सावरून हळू आवाजात बोले, कारण सासरी सुनेनं काय ओरडायचं? आणि मामा समोर बसून म्हणत, "हो, हो."

घरी आले की मामी दारातच विचारी, "काय म्हने गंगू?" आता न ऐकलेलं सांगायचं तरी काय? मामा म्हणत, "मजेत हाये म्हने." एवढ्यानं मामीचा चेहरा उजळत नसे, म्हणून ते पुढे एक म्हैस जोडून देत. पुढच्या खेपेला दुसरी म्हैस. संक्रांतीपर्यंत गंगूच्या घरी दोन म्हशी, पितळी कड्यांचा झोपाळा आणि बायकोला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणारा जावई, इतका संसार मामांनी थाटून दिला होता. मामी सगळं शेवटपर्यंत ऐके आणि विचारी, "अन् आनखी?" "आनखी काय? बस," मामा म्हणत. मामी मुकाट्यानं उठून चुलीकडे जाई. एकदा मला ती म्हणाली, "मास्तर, पोटची पोर हाये, पन मायची याद नाई काढत बाप्पा." त्याच दिवशी विहिरीजवळ मामांनी मला खरं सांगून टाकलं. "भाच्या, इतक्या खेपा झाल्या, पोरीचा एक सबद आयकू नाई आला. सुखी हाये का दुखी, देवाले माईत. तोंडाकडे पायतो तं हासते. पन हासाले काय, बापासमोर कोनीबी हासते." मी म्हटलं, मी जाऊन ऐकून येतो. ते भडकले. "तू काहून? बाप मी हाये."

तेव्हापासून मामांनी जगाचा नाद सोडला आणि यंत्राचा धरला. पहिल्यांदा कुठल्याशा मोडक्या ग्रामोफोनचा कर्णा आणून कानाला लावला. परीक्षा भाजीबाजारात. मी दहा पावलांवर उभं राहून नेहमीच्या आवाजात पाढा म्हणायचा आणि मामांनी तो ओळखायचा. अमरावतीचा मास्तर अकोल्याच्या बाजारात वांग्यांच्या ढिगाशेजारी सतराचा पाढा म्हणतोय, हे बघायला एवढी गर्दी जमली की गलबल्याची वेगळी सोय करावी लागली नाही. तेवढ्यात एक गाढव ओरडलं आणि मामा ढिगातच बसले. "आवाज मोठा झाला बाप्पा," धापा टाकत म्हणाले, "पन गलबलाबी तेवढाच मोठा झाला." मग त्यांनी गलबला गाळायचं ठरवलं. वऱ्हाडात कापसाला काय तोटा! एका मोठ्या टोपलीला आतून गादीसारखा कापूस भरला, पुढे भोक पाडून कर्णा बसवला आणि ती टोपली डोक्यावर पालथी घालून बाजारात आले. दोन बैल दावं तोडून पळाले. मी पाढा संपवून वाट बघत राहिलो, तर आतून घोरण्याचा आवाज. इतकी छान शांतता मामांना कैक वर्षांत मिळाली नव्हती.

उपाय शेवटी मळ्यातच सापडला. एका सकाळी मामा भेंडीला पाणी देत होते, ते फावडं टाकून माझ्याकडे धावत आले. "आपन चुकून राहिलो रे! वावरभर पानी सोडून काय फायदा? पाटानं झाडाच्या बुडाशी न्या लागते. तसं कान कायले मोठा करतं? बोलनाऱ्याच्या तोंडापासून पाट काढ!" मी मास्तर असून मला हे सुचलं नव्हतं, हे कबूल करतो. सायकलची जुनी ट्यूब कापून त्यांनी हातभर लांबीची नळी केली. एका टोकाला तेलाचं नरसाळं, ते बोलणाऱ्यानं तोंडाला लावायचं. दुसऱ्या टोकाला मातीची चिलीम, ती मामांच्या कानात. बाजारात परीक्षा झाली. मी नरसाळ्यात तोंड घालून पुटपुटलो आणि मामा ओरडले, "एकोणतीसचा! अन् तू एकोणतीस साती चुकला!" खरंच चुकलो होतो. कानानं चिलीम ओढणारा म्हातारा म्हणून पुढे आठवडाभर लोक त्यांना पाहायला येत होते, पण मामांना त्याचं काही नव्हतं.

होळीच्या आधी मी आणि मामा अकोटला गेलो. जिनची घरघर अशी की मोटारीतून उतरल्यापासून आम्ही खाणाखुणांनीच बोलत होतो. गंगूनं गूळपाणी दिलं, खाली बसली, आणि मामांनी वांग्यांच्या पिशवीतून नळी काढून नरसाळं तिच्या हातात ठेवलं. ती आधी माझ्याकडे बघून पोटभर हसली. मग तिनं ते तोंडाला लावलं आणि काहीतरी बोलली. मामांची मान सवयीनं डोलायला लागली आणि मधेच थांबली. चेहरा उतरला. त्यांनी कानातली चिलीम काढून माझ्या कानात खुपसली आणि गंगूला पुन्हा बोल अशी खूण केली. मला स्वच्छ ऐकू आलं, "आईले घिऊन या ना एक डाव. दर खेपेले सांगून राहिली मी, अन् बाबा हो हो म्हनतात. दादा, आई माह्यावर रुसली काय?"

दुपारच्या मोटारीनं आम्ही परत आलो. घरी मामी दारातच उभी होती. "काय म्हने गंगू?" मामांनी पिशवी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मामी शांतपणे एकेक विचारत गेली. "म्हशी?" "नाई." "झोपाळा?" "नाई." "अन् पोर?" "आंगानं बरी हाये. तुही वाट पाहून राहिली. पयल्या खेपेपासून." इतक्या थापा मारल्या मामांनी, पण 'आईला बोलावलंय' ही एवढी एक थाप त्यांना कधी सुचली नाही, आणि खरं तेवढंच होतं. मामी ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती माझ्याकडे वळली. "मास्तर, सकाळची मोटार कवा हाये?" मामा कोट शोधायला उठले तर म्हणाली, "तुमी नका येऊ. तुमी बसा हो हो करत."

मी मामीला पोचवून आलो. जाताना ती नळी तेवढी आठवणीनं घेऊन गेली. माय-लेकी दिवसभर त्या नळीची टोकं बदलत बसत, असं जावई मला पुढे हसत हसत सांगत होता. इकडे मामा एकटे. आठ दिवसांनी मी अकोटला चक्कर मारली, तर निघताना मामी भिंतीकडे बघत म्हणाली, "त्याहिले म्हना, एकटे कायले राहता? या म्हना." अकोल्याला उतरून थेट मळ्यात गेलो तर मळा रिकामा. मामा सापडले भाजीबाजारात, ऐन गर्दीत, भाजी नाही, टोपली नाही, नुसते एका दगडावर बसलेले. "इथं काय करताय?" मी ओरडलो. त्यांनी माझं तोंड बघून अंदाज केला असावा. "घरी लय चूप हाये रे," म्हणाले. मी त्यांच्या कानाशी वाकून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "मामीनं तुम्हाला बोलावलंय!" मामांनी मान डोलावली. "हो, हो."

ते हो-हो मी ओळखत होतो. मी त्यांचा हात धरला आणि गर्दीतून काढून मोर्णेच्या काठाला आणलं. तिथं कोणी नव्हतं. मी हळूच म्हणालो, "मामा, मामी म्हणाली, एकटे कशाला राहता? या म्हणावं."

मामा पाण्याकडे बघत उभे राहिले.

"पुन्ना सांग."

"ऐकू नाही आलं?"

"आलं," मामा म्हणाले. "तू सांग पुन्ना."

मी पुन्हा सांगितलं.