सात दिवस हात न लावलेला टॅब

बारामतीत दादाचं फ्लेक्सचं दुकान आहे, पण ते चालवतात वहिनी. दादा दोऱ्या आणि पक्कड घेऊन खांबावर चढलेला असतो. गिऱ्हाइकाशी बोलणं, फोटो कापणं, नावं तपासणं, छपाईला लावणं, हे सगळं वहिनींकडं. मी इंदापुरात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो आणि शनिवारी बारामतीला येतो.

वहिनींचं काम बघून माझं डोकं फिरायचं. एकेका फोल्डरची वेगळी खिडकी. वाढदिवस एकीत, निवडणूक दुसरीत, वास्तुशांती तिसरीत. वीस-वीस खिडक्या उघड्या आणि कॉम्प्युटर जागच्या जागी गार.

"अहो वहिनी, बंद करत जा की जरा!"

"आन परत हुडकायचं कुणी? तुमी?"

शेवटी मीच इरेला पेटलो. तीन महिन्यांचे शनिवार-रविवार घालवून त्यांच्यासाठी फायली बघायचा स्वतंत्र प्रोग्रॅम लिहिला. एकच खिडकी, वर टॅबची ओळ, प्रत्येक टॅबमध्ये एक फोल्डर. फाईल न उघडताच तिचं छोटं चित्र दिसायचं. लाईट गेली तरी परत आल्यावर सगळे टॅब जिथल्या तिथं. आणि शोध! माणसाचं नाव टाकलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याचे सगळे फ्लेक्स समोर. त्या शोधावर मी स्वतःच बेहद्द खूश होतो. वहिनींनी मात्र त्याला कधी हात लावला नाही, आणि खरं सांगतो, मला त्याचा राग यायचा.

टॅब त्यांनी मनापासून वापरले. इतके, की ओळ खिडकीबाहेर गेली. त्यातला शेवटचा टॅब कायम उघडा असायचा. त्याचं नाव 'बाया'. तोरणं आणि आरतीची ताटं धरलेल्या सजावटीच्या बायकांची चित्रं असतील, असं मला वाटलं. विचारलं तर म्हणाल्या, "असू द्या की हो भावजी." मग मी गपचूप एक सोय घातली. सात दिवस हात न लावलेला टॅब आपोआप बंद. सांगितलं असतं तर त्यांनी नकोच म्हटलं असतं, म्हणून सांगितलंच नाही.

त्यानंतरच्या एका शनिवारी वहिनी घरी जेवायला गेल्या होत्या. दुकानात मी एकटाच. सांगवीचे एक पन्नाशीचे गृहस्थ आले. त्यांची आई गेली होती, दहावा परवावर आला होता. चौकात फ्लेक्स लावायचा तर आईचा फोटोच नव्हता. आधार कार्डावरचा होता, तो त्यांनी पुढं केला आणि लगेच परत खिशात घातला.

"ह्यो तिचा चेहरा न्हाय," ते म्हणाले. "तुमच्याकडं एखादा आसंल तर बघा. न्हायतर बिनफोटोचाच लावावा लागंल. जन्म दिला तिनं, आन माझ्याकडं तिचा एक फोटू न्हाय ओ."

मला वाटलं, आता आला माझा शोध कामाला. त्यांच्या आईचं नाव टाकलं. शून्य फायली. त्यांचं स्वतःचं टाकलं, तर चौदा. त्यात वाढदिवसाच्याच नऊ. वडिलांचं टाकलं, सहा. ते स्क्रीनकडं बघत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरपंचपदाला उभ्या राहिलेल्या दोघी-चौघी सोडल्या, तर आमच्या दुकानात बाई नावानं सापडतच नव्हती.

तेवढ्यात वहिनी आल्या. सगळं ऐकून घेतलं, खुर्चीत बसल्या आणि एकदम कडाडल्या, "माझा टॅब कुठाय?"

मी माझी सोय सांगितली.

"कुणाला इचारून? आठ दिवस गिऱ्हाईक न्हाय आलं तर दुकान मोडता व्हय तुमी?"

मी खाली मान घातली. नशीब, नुसता टॅब बंद झाला होता. फोल्डर जागेवर होता. वहिनींनी तो पुन्हा हुडकून उघडला. आत शेकडो चेहरे, सगळे बायकांचे. फ्लेक्ससाठी बाप्याचा फोटो कापताना शेजारची, मागची बाई आपण उडवून टाकतो. वहिनी ती उडवत नव्हत्या. वेगळी कापून गावाच्या नावाखाली ठेवत होत्या, कितीतरी वर्षं.

सांगवीचे चेहरे त्या एकेक करत बघत गेल्या आणि थांबल्या. "ह्याच का, बघा. तुमच्या ट्रॅक्टरच्या पूजेला माघं हुब्या हुत्या."

डोक्यावर पदर, हातात आरतीचं ताट, नजर नव्या ट्रॅक्टरवर.

"आईच हाय," ते म्हणाले. "हासतीया." आणि भर दुकानात ढसाढसा रडले. वहिनींनी त्यांना पाणी दिलं आणि फ्लेक्स करायला घेतला.

ते गेल्यावर मी ती सोय काढून टाकली आणि 'बाया' टॅब ओळीत सगळ्यात पुढं आणून ठेवला. मग आतले फोटो बघत बसलो. आमची आई होती, आमच्याच वास्तुशांतीतली. आणि अगदी शेवटी खुद्द वहिनी.

"वहिनी, हा कशाला?"

"तुमच्या दादाला ऐनवेळी गावायचा न्हाय. म्हणून आधीच ठिवलाय."

"काहीतरीच काय बोलता!"

"मग टाका की माझं नाव तुमच्या त्या शोधात."

बारा वर्षं त्या दुकानातला प्रत्येक फ्लेक्स त्यांच्या हातून गेला होता. मी नाव टाकलं. शून्य फायली.