हत्तीच्या मागे

काचा कापून कापून फ्रेमवाल्याचा स्वभावही धारदार झाला होता. गिऱ्हाईक चुकून म्हणालं, ‘जरा स्वस्तातली बसवा,’ तर तो म्हणायचा, ‘मग चिकटपट्टीनं चिकटवा की भिंतीला!’

घरी मात्र बायकोपुढे त्याचं काही चालत नसे. लेकीच्या चित्रांनी कपाट भरलं, पलंगाखाली ढीग लागला, तेव्हा बायको कडाडली, ‘हे घर आहे की रद्दीचं दुकान?’ त्याच दिवशी त्याने भिंतीवर एक फ्रेम टांगली आणि जाहीर केलं, ‘यापुढे घरात एकच चित्र दिसेल. नवीन आलं की जुनं निघेल.’

तसंच चाललं. पण निळा हत्ती भिंतीवर चढल्यापासून लेकीने चित्रं दाखवणंच बंद केलं. एक दिवस तिच्या दप्तरात त्याला दुमडलेलं चित्र सापडलं.

‘हे का लपवलंस?’

‘मासा गेला, बस गेली. आता हत्तीलाही टाकून देशील.’

फ्रेमवाल्याने कपाळाला हात लावला. फ्रेम उतरवून मागचा पुठ्ठा काढला आणि आतला गठ्ठाच तिच्यापुढे पसरला. हत्तीच्या मागे मासा, माशामागे बस, बसमागे नुसतं डोकं आणि पाय असलेली आई.

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘विचारलंस कधी?’ तो गुरकावला.

लेकीने दुमडलेला कागद हाताने सरळ केला आणि सगळ्यांत मागे सरकवला.

‘हे इथेच राहू दे,’ ती म्हणाली. ‘हत्तीचं अजून घर बघून झालं नाही.’