कोरड्यावर चाललेले इंजिन

“एका सकाळी माणसाला किती वेळा ‘न्हाई’ म्हणता येतं, सर?”

सिद्धोधन यांनी हा प्रश्न मला चुडाव्याच्या बाजारातील त्यांच्या दुकानात विचारला. समोर उघडलेल्या पंपाचे भाग गोणपाटावर मांडलेले होते आणि ते माझ्याकडे न पाहता एक नट रॉकेलमध्ये बुडवून पुसत होते. परभणी जिल्ह्यातील इंजिन-कारागिरांची माहिती गोळा करण्यासाठी मी गेलो होतो. त्या माहितीच्या चौकटीत हा प्रश्न बसत नाही, म्हणून तो ज्या सकाळी जन्मला ती सकाळ आणि तिच्यानंतरचे महिने येथे वेगळे लिहीत आहे.

सिद्धोधन यांचे वय आज एकावन्न. परभणीच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून त्यांनी वीस वर्षे शेतातली ऑईल इंजिने दुरुस्त केली. विहिरींवर विजेचे पंप बसत गेले तसे हे काम आटले. त्याच सुमारास गोदाकाठच्या त्यांच्या गावाला एक फायबरची नाव मिळाली. गोदावरीला तेथे गंगाच म्हणतात. पावसाळ्यात गंगेचे पाणी ओढ्यातून मागे शिरले की गावाचा रस्ता आठ-आठ दिवस बुडतो आणि दवाखान्यापर्यंत पोहोचायला नावेशिवाय दुसरे साधन उरत नाही. नावेच्या मागच्या फळीला टांगलेल्या इंजिनाची देखभाल ग्रामपंचायतीने सिद्धोधन यांच्याकडे दिली. नाव चालवण्याचे काम नागनाथ यांना मिळाले. दोघे शाळेत एका बाकावर बसलेले.

या इंजिनाला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. ते नदीचेच पाणी खालच्या जाळीतून ओढून घेते, अंगात फिरवते आणि तापलेले पाणी बाहेर टाकते. हे पाणी ओढण्याचे काम आत बसवलेला एक रबरी पंखा करतो. तळहातात मावेल एवढा, सहा पात्यांचा. पंखा ठीक असेल तर इंजिनाच्या बाजूच्या छिद्रातून पाण्याची बारीक, ठाम धार सतत पडत राहते. पुराच्या गढूळ पाण्यातून फेरी झाली की सिद्धोधन इंजिन स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये उभे करून चालवीत, आतला गाळ धुऊन काढीत, जाळीत अडकलेले गवत बाभळीच्या काट्याने एकेक उपसून टाकीत आणि धारेखाली हात धरून पाणी किती कोमट आहे ते पाहत. नागनाथ यांना त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, “हिला पाण्याबाहेर एक मिनिटबी चालवायची न्हाई. रबराला पाण्याचंच वंगण असतंय. कोरडी चालली की आतल्या आत करपतंय, आन् वरून कायच कळत न्हाई.”

“म्हंजे आपल्या बन्सीधरदादासारखं,” नागनाथ म्हणाले होते. बन्सीधर म्हणजे गावचे सरपंच. दोघेही पोट धरून हसले होते.

जून २०२२ मध्ये पावसाळ्यापूर्वीची पाहणी ठरली. तालुक्याहून अधिकारी सकाळीच येणार म्हणून नाव ट्रॉलीवर चढवून थेट मारुतीच्या पारासमोर आणली गेली. तिला हळद-कुंकू लागले, झेंडूचा हार चढला. मग बन्सीधर यांनी पाराच्या खाली उभ्या असलेल्या सिद्धोधन यांना हाक मारली.

“सिद्धोधन, वर ये. इंजिनाचा डॉक्टर तू. नारळ तुझ्याच हातून फुटू दे.”

या पारासमोरून सिद्धोधन यांचे वडील चप्पल हातात घेऊन जात असत. सिद्धोधन वर गेले, हात जोडले आणि शांतपणे म्हणाले, “दादा, आमी बौद्ध हाव. नारळ फोडत न्हाई. दुसऱ्या कुणाला सांगा.”

कोणीतरी मागून पुटपुटले, “मान दिला तर ह्यांचं असं.” पण बन्सीधर यांनी प्रसंग सावरला. “बरं, नारळ मी फोडतो. शाल तर घेशील का न्हाई?” लोक हसले. शाल सिद्धोधन यांच्या खांद्यावर पडली, हार गळ्यात आला. बौद्धवाड्यातील माणसाचा त्या पारावर झालेला तो पहिला सत्कार होता. समोर त्यांची पत्नी सुकेशनी पदर तोंडाला लावून उभी होती.

नारळ फुटल्यावर सरपंच म्हणाले, “आता साहेबाला आवाज तरी ऐकवा.”

ट्रॉलीवरून नागनाथ यांनी विचारले, “सिद्धू, ड्रम आणू का?”

हा प्रश्न पाचपन्नास लोकांनी ऐकला. त्याचा अर्थ दोघांनाच कळला. ड्रम दुसऱ्या गल्लीत होता. तो आणून भरायला वीस मिनिटे लागली असती. अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिले. सिद्धोधन म्हणाले, “राहू दे. दोन मिनिटाचं तर काम हाय.”

फोटो काढून होईपर्यंत इंजिन पाच मिनिटे कोरडे चालले. बाजूच्या छिद्रातून थेंबही पडला नाही. हारातल्या झेंडूचा वास आणि करपणाऱ्या रबराचा वास आपल्याला एकाच वेळी येत होता, असे सिद्धोधन सांगतात. त्यांनी बटण दाबून इंजिन बंद करायला हवे होते. नारळाला एकदा नकार देऊन झाला होता. दुसऱ्यांदा तोंड उघडले असते तर ‘हा माणूस प्रत्येक गोष्टीत मोडता घालतो’ असे लोक म्हणाले असते, एवढेच त्यांच्या मनात होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन ड्रममध्ये लावून पाहिले. धार पडली, पण पूर्वीपेक्षा बारीक. पंप उघडला तेव्हा दोन पात्यांच्या मुळाशी केसासारखी चीर दिसली. नवा पंखा मागवायचा तर सरपंचांची सही हवी होती, आणि महिन्याभरापूर्वीच तपासलेला पंखा का गेला, हेही सांगावे लागले असते. त्यांनी पंप पुन्हा बंद केला. पुढच्या उन्हाळ्यात बदलू, असे मनाशी ठरवले.

सप्टेंबरमध्ये गंगा फुगली. तिसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या वृद्ध धुरपताबाई चुलीपुढे कोसळल्या. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडे झाले. त्यांची सून सत्यशीला हिने त्यांना खाटेसकट नावेत घेतले. अर्ध्या पाण्यात धार थांबली, मग इंजिनातून वाफ निघाली, मग ते जाम झाले. नागनाथ यांनी वल्ह्याने नाव बुडालेल्या बाभळींच्या रांगेकडे नेली आणि काट्यांनी हात सोलून निघत असताना एक फांदी धरून ठेवली. गावातून हवा भरलेल्या ट्यूब आणि दोर घेऊन लोक येईपर्यंत तीन तास गेले. धुरपताबाई वाचल्या. हात मात्र परत आला नाही. लवकर पोहोचल्या असत्या तर आला असता का, हे नांदेडच्या डॉक्टरांनी निश्चित सांगितले नाही.

पंप सिद्धोधन यांनीच उघडला, एकटे असताना. पंख्याची चारच पाती शिल्लक होती. तुटलेली दोन पाती पाणी जायच्या वाटेत तुकडे होऊन अडकली होती. ते तुकडे त्यांनी चिमट्याने काढून खिशात घातले. खालच्या जाळीत थोडे गवत होते. पुराच्या पाण्यात ते नेहमीच असते. बाहेर येऊन ते पंचायतीसमोर म्हणाले, “जाळीत गवत होतं.”

हे वाक्य खरे होते. नावेवरचा माणूस जाळी साफ करत नाही, एवढाच अर्थ गावाने त्यातून काढला. नागनाथ यांना कामावरून काढण्यात आले. आठवड्याभरात त्यांचे नाव ‘गवत्या’ पडले. हापशावर त्यांच्या पत्नी नर्मदाबाई यांना बायका विचारू लागल्या, “काय गं, गवत्याचं आज काय चरायचं चालू हाय?” नागनाथ यांनी कोणालाही उलट उत्तर दिले नाही. सिद्धोधन यांच्या घरासमोरून जाताना ते त्यांच्याकडे पाहत आणि पुढे जात. दिवाळीनंतर नवरा-बायको हैदराबादला एका बांधकामावर राखणदारीला निघून गेले.

जानेवारीत सिद्धोधन धुरपताबाईंच्या दारात गेले. सगळे सांगितले. म्हातारी डाव्या हाताने शेंगा निवडत होती. तिने ऐकून घेतले.

“पाया पडू नको,” ती म्हणाली. जीभ अजून जड होती. “माझा हात गेला तो गेला. त्या लेकराचं नाव तू घालीवलंस, त्याचं काय करायलास?”

२६ जानेवारी २०२३ च्या ग्रामसभेत सिद्धोधन उभे राहिले आणि रबराचे ते तुकडे टेबलावर ठेवले. कोरडे इंजिन, चीर, खिसा, सारे क्रमाने सांगितले.

“चार महिने झाले. आता कशाला उकरायलायस?” बन्सीधर म्हणाले.

“शाल घेताना गपगार, आन् आता वाचा फुटली!” मागून कोणी ओरडले. हशा झाला.

“बरोबर हाय तुमचं,” सिद्धोधन म्हणाले. “पर नागनाथचा कसूर न्हाई. त्यानं ड्रम विचारला व्हता. मी नको म्हणलो. हे माझ्या नावानं लिहा.”

ग्रामसेवकांनी इतिवृत्तात ‘तांत्रिक बिघाड’ असे लिहिले. नाव लिहिले नाही. तशी पद्धत नसते, असे ते म्हणाले. नागनाथ यांना परत बोलवावे, असे मात्र ठरले.

निरोप द्यायचे काम सिद्धोधन यांनी स्वतःकडे घेतले. त्यांनी त्याच संध्याकाळी फोन लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. पलीकडून नागनाथ मधेच म्हणाले, “मला ठाव हाय की रे. ड्रम मीच विचारला व्हता ना.”

“मंग तू बोलला का न्हाईस?”

“तू बोलशील म्हणून थांबलो. दिवाळीपर्यंत थांबलो.”

सिद्धोधन म्हणाले, “ये परत. समद्यांनी ठरवलंय.”

“नर्मदा न्हाई म्हणती,” नागनाथ म्हणाले. “हापशावर तिनं ऐकलंय, मी न्हाई.” मग सुकेशनी कशी आहे, असे विचारून त्यांनी फोन ठेवला.

त्या वर्षीचा पावसाळा सिद्धोधन यांनी नाव स्वतः चालवून काढला. नागनाथ परतले नाहीत. जून २०२४ मध्ये ग्रामपंचायतीने नावेवर दुसरा चालक नेमला.