टेपवर न उतरलेली धडधड

“बाई, हे हृदयाचं नाही, मनाचं आहे,” म्हणत डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: अँग्झायटी. म्हणजे उगाच वाटणारी धास्ती.

मी ठाण्याच्या बाजारात मासळी विकणारी कोळीण. नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं, मी बेचाळीस वर्षांची. दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणारी बाई धास्ती कुणाची घेणार? मला भयंकर राग आला.

मासळी कापताना छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. म्हणून मला होल्टर मॉनिटर लावला होता. कमरेला कॅसेटचा डबा, छातीला वायरी. चोवीस तासांचे ठोके टेपवर उतरतात. सोबत एक कागद, किती वाजता काय केलं, काय वाटलं ते लिहायला.

“डब्याला पाणी लागू देऊ नका,” वायरी लावणाऱ्या सिस्टर म्हणाल्या. आमचा तर धंदाच पाण्याचा. मग मी घरीच बसले. सासूने हातात ताट दिलं, शेजारणी मशीन बघून गेल्या. कागदावर लिहिलं: बसले, जेवले, पडले. टेप स्वच्छ निघाली, म्हणून डॉक्टरांनी धास्ती लिहिली.

नवरा म्हणाला, “आता बाजारान जाव नको गो. जागा ताईला दे.” ताई म्हणजे माझी नणंद. ती जागा सासूने मला दिलेली. बाजारातली जागा एकदा सोडली की परत मिळत नाही.

मी एकटीच दवाखान्यात गेले. “डॉक्टर, तुमच्या मशीनने बसलेली बाई बघितली. कापणारी बघा.” ते हसले. पुढचे तीन मंगळवार, त्यांच्या तपासणीच्या दिवशी, मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. शेवटी वैतागून त्यांनी पुन्हा मशीनची चिठ्ठी दिली.

या वेळी कोलंबीच्या बर्फाची जाड प्लास्टिक पिशवी धुऊन त्यात डबा गुंडाळला, नवऱ्याचं घड्याळ मनगटावर बांधलं आणि बाजार गाठला.

कागदावर लिहिलं: दहा चाळीस. घोळ मासा कापतेय. धडधड, अंधारी. कोयता खाली ठेवला.

दहा पंचावन्न. थांबलं. गिऱ्हाईक निघून गेलं. राग आला.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी टेपवरून काढलेल्या आलेखावर दहा चाळीसची जागा शोधून बोट ठेवलं. मग म्हणाले, “एसव्हीटी आहे.” म्हणजे हृदयातली वीज वाट चुकते आणि ठोके एकदम बेफाम पळू लागतात. “तुम्ही वेळ लिहिली नसती, तर कापताना वायर हलली असेल असंच मी समजलो असतो. माझं चुकलं, बाई.”

चूक कबूल करणारा डॉक्टर मिळाला, याचे उपकार मी विसरणार नाही. गोळ्या चालू आहेत. जागेवर मीच बसते.

तुम्हाला मशीन लावलं तर पाहुण्यासारखे बसू नका. रोजचं काम करा आणि खरं लिहा, राग आला तर रागही लिहा.

माझ्या त्या कागदावर एक खवला चिकटला होता. डॉक्टर तो नखाने काढायला गेले. मी म्हटलं, “राहू दे डॉक्टर. मी घरी बसले नव्हते, ते त्यालाच माहीत आहे.”