कोस्ताच्या नावाचे गहू

नर्सिंगच्या पदवीला जायचं म्हणणारी गावातली प्रत्येक पोरगी आधी दोब्रिना पालाझोवा सिस्टरच्या तावडीतून जायची. तसा काही कायदा नव्हता. पण जुलैतली प्रवेशपरीक्षा जवळ आली की आया आपापल्या लेकींना घेऊन तिच्या दारात उभ्या राहायच्या, आणि सिस्टर ठरलेलं उत्तर द्यायची, "जीवशास्त्र तिचं ती वाचेल. शनिवारी सात वाजता वॉर्डात पाठवा. नखं कापून."

दोन-तीन शनिवारांत निम्म्या पोरी गळायच्या. कुणी उलटीचं भांडं पाहून, कुणी सिस्टरची जीभ ऐकून. सिस्टरला त्याचं सुखदुःख नसे. "चार वर्षं शिकून मग चक्कर येण्यापेक्षा आत्ताच आलेली बरी," म्हणायची. शिवाय शिकून झालेल्यांतल्याही निम्म्या जर्मनीला जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सर्जरीच्या वॉर्डात सध्या तीन जणींचं काम ती एकटी ओढत होती. वय एकसष्ट, गुडघे दोन्ही कामातून गेलेले.

यंदा एकच पोरगी टिकली होती. बेकरीवाल्या बाईची यानित्सा. एकोणीस वर्षांची, बोलायला कमी आणि बघायला जास्त. सिस्टरला ती आवडली होती, म्हणूनच तिच्यावर जरा अधिक डाफरायची.

"बूट एक नंबर मोठे घे, दुपारनंतर पाय सुजतात. रोग्याला 'कसं वाटतंय' विचारू नकोस, तो 'बरं' म्हणून गप्प बसतो. रात्री किती वेळा उठलात, ते विचार. अक्षर असं काढ की तुझ्या वैरिणीलाही वाचता आलं पाहिजे. आणि मी मोजत असताना मधे बोलायचं नाही. मग भूकंप का होईना."

आणि पहिल्या शनिवारी प्रत्येकीला ती रादीची गोष्ट सांगायची. रादी बावीस वर्षांचा, अपेंडिक्सचा रोगी. आईनं लाडानं पाव-चीज चारलं, आणि ऑपरेशनआधी सिस्टरनं विचारलं तेव्हा दोघं 'काही खाल्लं नाही' म्हणाले. सिस्टरनं कागदावर 'उपाशी' अशी खूण केली. भूल दिल्यावर पोटातलं सगळं घशाशी आलं आणि फुप्फुसात उतरलं. तिसऱ्या दिवशी पोरगा गेला.

"कोण होती ती सिस्टर?" पोरी विचारायच्या.

"होती एक," दोब्रिना म्हणायची, आणि चादरी मोजायला लागायची.

तो शनिवार जूनमधला, पितरांचा. आमच्याकडे त्याला चेरींचा शनिवार म्हणतात. पहाटेपासून बाया स्मशानात जातात, मेणबत्त्या लावतात, आणि साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू आणि चेरी भेटेल त्याच्या हातावर ठेवतात. घेणाऱ्यानं "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं आणि तिथल्या तिथे तोंडात टाकायचं. नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं तर मेलेला उपाशी राहतो.

वॉर्डातल्या चार नंबरच्या खोलीत मिंचो आजोबा होते. वय एक्क्याऐंशी. बायकोच्या नावानं वाटायला चेरी काढायच्या म्हणून बुधवारी शिडीवर चढले आणि खाली येऊन खुबा मोडून बसले. "पोरं नव्हती का चढायला?" सिस्टरनं खडसावलं होतं. "माझ्या बायकोला परक्याच्या हातच्या चेरी का देऊ?" म्हातारा म्हणाला होता.

गावात भूलतज्ज्ञ नव्हता. भूल द्यायला डॉक्टर कराजोव शहरातून फक्त शनिवारी यायचे. आजोबा हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेत, म्हणून पाठीच्या मणक्यात सुई टोचून भूल देता येणार नव्हती. पूर्ण झोपवावं लागणार होतं. ऑपरेशन दहाला. रात्रीपासून पोटात काही नको, हे सिस्टरनं त्यांना चार वेळा बजावलं होतं.

आठच्या सुमाराला त्रेंदाफिला आजी आली. काळा रुमाल, कडेवर झाकलेलं भांडं. तिचा नवरा कोस्ता जानेवारीत याच चार नंबरमध्ये गेला होता, आणि शेवटचे अकरा दिवस त्याचं सगळं दोब्रिनानं केलं होतं. आजीनं दारातच तिच्या हातावर प्लास्टिकचा पेला ठेवला.

"माझ्या कोस्तासाठी, सिस्टर."

"देव त्याला क्षमा करो," दोब्रिना म्हणाली, दोन चमचे तोंडात टाकले, आणि पेला एप्रनच्या खिशात घातला. "आजी, आत जा, पण मिंचो आजोबांना काही देऊ नका. आज त्यांचं ऑपरेशन आहे."

"मी काय वेडी आहे?" आजी म्हणाली.

सव्वाआठला सिस्टर कागद घेऊन आजोबांच्या उशाशी उभी राहिली. नाव, वय, दात काढून ठेवले का, अंगठी काढली का. "रात्रीपासून काही खाल्लं?"

"काही नाही," आजोबा म्हणाले. डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, साध्या सरळ मनानं.

तिनं खूण केली. खाली सही केली.

यानित्सा दारात घुटमळत होती. "सिस्टर, मिंचो आजोबांनी..."

"मोजतेय," सिस्टर म्हणाली. हातात गोळ्यांचा ट्रे होता. यानित्सा गप्प बसली. नंतर एक ताप चढलेला रोगी, एक सुटलेली सलाइन, आणि साडेनऊला आजोबांची स्ट्रेचरगाडी खाली थिएटरकडे गेली.

पावणेदहाला दोब्रिना पहिल्यांदा खुर्चीवर टेकली. आईनं बेकरीतून नुकतीच पाठवलेली बानित्सा, चीज भरलेली पोळी, यानित्सानं टेबलावर उलगडली. पापुद्र्यांतून चीज अजून वाफाळत होतं.

"खाऊन घ्या, सिस्टर. सकाळपासून काही खाल्लंय का?"

"काही नाही," दोब्रिना म्हणाली.

पोरगी थांबली. "पण गहू खाल्लेत ना?"

"ते खाणं नव्हे, पोरी. ते कोस्ताचं. त्याच्या वाट्याचं."

"हो," यानित्सा म्हणाली. आणि मग हळूच, "आजोबासुद्धा तसंच म्हणाले. आजी देत नव्हत्या. त्यांनीच हात पुढे केला. म्हणाले, 'कोस्ताला मी काय आज ओळखतो?' चांगला अर्धा पेला खाल्ला. तुम्ही घेतलेत म्हणून मला वाटलं, तेवढं चालत असेल."

दोब्रिनाचा हात खिशात गेला. पेला तिथेच होता. दोन चमचे खाऊनही तिनं आत्ता, याच तोंडानं, 'काही नाही' म्हटलं होतं. खोटं बोलली नव्हती. म्हाताराही बोलला नव्हता.

ती उठली ती खुर्ची पाडूनच. लिफ्ट खाली गेलेली, जुनी, वर यायला पाच मिनिटं लावायची. ती जिन्यानं धावली. गुडघे बोंबलत होते आणि डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, रादीच्या आईची हाक. अडतीस वर्षांपूर्वी कागदावर 'उपाशी' अशी खूण करणारी सिस्टर दुसरीतिसरी कुणी नव्हती. दोब्रिनाच होती. तेवीस वर्षांची, नोकरीचा चौथा महिना. मोठ्या सिस्टरनं तिला सांगितलं होतं, "त्यांनी नाही म्हटलं, तू लिहिलंस. आता तोंड उघडू नकोस." तिनं ते उघडलं नाही. ना चौकशीत, ना नवऱ्यापाशी, ना पाद्र्यापाशी.

ऑपरेशन थिएटरचं दार तिनं खांद्यानं ढकललं. आजोबा टेबलावर, तोंडावर प्राणवायूचा मास्क. कराजोवांच्या हातात पांढऱ्या औषधाची सिरिंज, नळीला जोडलेली.

"थांबा!"

"सिस्टर, टोपी कुठाय तुमची? हे काय धर्मशाळा..."

"त्यांच्या पोटात गहू आहेत."

अंगठा सिरिंजवरून उठला. "कागदावर 'उपाशी' लिहिलंय. सही तुमची आहे."

"सही माझी आहे," दोब्रिना म्हणाली. तिला धाप लागली होती. "चूकही माझी. आठ वाजता, अर्धा पेला. मी नीट विचारलं नाही."

डॉक्टरांनी मास्क उचलला. "आजोबा, सकाळी काही खाल्लंत?"

"काही नाही, डॉक्टर."

"गहू?"

"ते होय? ते कोस्तानं खाल्ले."

कराजोवांनी सिरिंज काढून ट्रेमध्ये आपटली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि घाबरलेला माणूस जसा ओरडतो तसे ते ओरडले. शाळा आहे की इस्पितळ, अडतीस वर्षं काय केलंत, असल्या माणसांत मला कशाला बोलावता. दोब्रिना मान खाली घालून ऐकत राहिली. तिला ते शब्द गोडच लागत होते. टेबलावरचा म्हातारा श्वास घेत होता.

"आता पुढच्या शनिवारी," शेवटी डॉक्टर म्हणाले. "सहा तास थांबायला हवं. मी एक वाजता निघतो. चारला माझी तिकडे ड्यूटी आहे."

"आजोबा बुधवारपासून पाठीवर आहेत. छातीत घरघर सुरू झालीय, तुम्ही ऐकलीय. पुढच्या शनिवारी त्यांचं ऑपरेशन नाही करणार आपण, डॉक्टर. त्यांच्या नावाचे गहू खाऊ."

कराजोवांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग कोपऱ्यात जाऊन फोनवर कुणाशी तरी बराच वेळ हुज्जत घालत राहिले.

"दोन वाजता," परत येऊन म्हणाले. "तोपर्यंत हा माणूस कुणाच्याही नावानं पाण्याचा थेंब घेणार नाही. मेलेल्याच्या नाही, जिवंताच्या नाही."

त्या चार तासांत वॉर्ड यानित्सा आणि खालच्या मजल्यावरच्या सिस्टरनं कसाबसा सांभाळला. दोब्रिना चार नंबरच्या दारात खुर्ची टाकून बसली. स्मशानातून परतणाऱ्या बाया एकामागून एक येत होत्या, चेरींचे द्रोण घेऊन, पाव घेऊन. तिनं एकीलाही उंबरा ओलांडू दिला नाही.

"अगं, माझ्या आईच्या नावाचं आहे!"

"आई सोमवारपर्यंत थांबेल."

"पाप लागेल तुला, दोब्रिना."

"लागू दे. जुनं आहेच, त्यात भर."

आतून आजोबा कुरकुरत होते. घसा सुकलाय, ही सिस्टर आहे की तुरुंगाची पहारेकरीण. मधूनच त्यांची छाती घरघरली की ती मान वळवून आत बघायची. साडेबाराला ते एकदम गप्प झाले. ती धावत आत गेली. म्हातारा झोपला होता. ती परत येऊन खुर्चीवर बसली.

मधल्या वेळात तिनं कागद मागवून घेतला. केलेली खूण एका रेघेनं खोडली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं: 'आठ वाजता अर्धा पेला उकडलेले गहू. मी नुसतं खाल्लं का विचारलं, तोंडात काय गेलं ते विचारलं नाही. विद्यार्थिनी यानित्साच्या लक्षात आलं. दो. पालाझोवा.' अक्षर असं की वैरिणीलाही वाचता यावं.

दोनला गाडी पुन्हा खाली गेली. सव्वाचारला वर आली. पाच वाजून दहा मिनिटांनी मिंचो आजोबांनी डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं, आणि घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलले, "माझ्या चेरी कुणी वाटल्या का?"

"वाटल्या," दोब्रिना म्हणाली. तिनं त्या दुपारीच त्यांच्या सुनेला पाठवून वाटायला लावल्या होत्या. मग ती बाहेर आली, सिस्टरांच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि टेबलावर डोकं टेकून रडली, मोठ्यानं, लाज न बाळगता.

यानित्सा आत आली तेव्हा ती नाक पुसत होती. सकाळची बानित्सा तशीच पडली होती, थंड, वातड.

"सिस्टर," पोरगी म्हणाली, "मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही मोजत होतात तरी."

"हो. हवं होतं. मी बोलू नकोस म्हटलं, तो माझा मूर्खपणा. पण पुढच्या वेळी मीच काय, देवबाप्पा मोजत असला तरी त्याला थांबव."

मग यानित्सानं ते विचारलं, जे सगळ्या पोरी विचारत आणि जिथून सिस्टर चादरींकडे वळत असे. "रादीच्या वेळची ती सिस्टर. तिचं पुढे काय झालं?"

दोब्रिनानं चादरींच्या कपाटाकडे पाहिलं. मग पोरीकडे.

"काही नाही झालं. तिनं कुणाला सांगितलंच नाही. अडतीस वर्षं नोकरी केली, तुझ्यासारख्यांना अक्कल शिकवली. आत्ता तुझ्यासमोर बसलीय."

खाली अंगणात रुग्णवाहिका वळत होती, तिचा आवाज येऊन गेला. यानित्सानं बानित्साचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा सिस्टरच्या पुढ्यात सरकवला.

"खा, सिस्टर," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'तुम्ही' सोडून 'तू'वर आली होती. "हे मात्र तुझ्या स्वतःच्या वाट्याचं."