‘तुम्ही’ म्हणजे किती जण?

मस्कतजवळच्या सीबमधल्या ज्या हॉटेलात मी काम करते, तिथल्या लिनन रूममध्ये आम्ही दोघीच असतो. वसईची मी आणि इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरची ती. चादरी, टॉवेल मोजायचे, घड्या घालायच्या, ट्रॉलीवर चढवायचे. दोघींचं बोलणं चालतं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. एकदा आमचा सुपरवायझर दारातूनच “यू कम अर्ली टुमॉरो, खलास” असं म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी साडेपाचला आम्ही दोघी दारात हजर! त्याला एकच बाई हवी होती, आणि कुठली ते आता त्यालाही सांगता येईना. मी त्याच्यावर चांगलीच डाफरले. झोपमोड झाली की मी कुणाची नसते.

ती मात्र हसत बसली. म्हणाली, “इंग्रजीचा दोष आहे. आमच्यात एकीला ‘कामू’ म्हणतात आणि दोघी-चौघी असल्या की ‘कालियान’.”

“आमच्यातही आहे की,” मी म्हटलं. “तू आणि तुम्ही.”

मग तिने आणखी एक गंमत सांगितली. समोरच्याला वगळून बोलायचं तर ‘कामी’ आणि समोरच्याला धरून बोलायचं तर ‘किता’. मी हातातली उशीची खोळ खाली ठेवली. अगं बाई, हे तर आपलं ‘आम्ही’ आणि ‘आपण’! हे इंग्रजीला कधी जमलं नाही, हिंदीतही कधी कानावर आलं नाही, आणि समुद्रापलीकडच्या कुठल्या बेटावर बायका चुलीपुढे बसून तेच बोलतात. माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून मी तिच्या भाषेच्या मागेच लागले. टॉवेल मोजताना सातू, दुआ, तिगा असे आकडे शिकले आणि चार वाक्यंही घोकली.

दुपारी तीनच्या सुट्टीत ती रोज आईला व्हिडिओ कॉल करायची. आई गावी एकटीच राहायची. वडील अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या बाईसाठी घर सोडून गेले होते. तेव्हापासून वडिलांना हाक मारायचा शब्दही हिने तोंडातून काढला नव्हता. माझ्याशी बोलतानाही ती ‘तो माणूस’ असंच म्हणायची. आईला तिने बजावून ठेवलं होतं, तो माणूस परत घरात आला तर माझा फोन बंद. ती शब्दाची पक्की आहे, हे मला ठाऊक होतं. तिच्या आईलाही ठाऊक असणारच.

एका दुपारी मला शहाणपणा सुचला. तिच्या आईशी आपणही दोन शब्द बोलू, आणि वडीलधाऱ्या बाईशी बोलायचं तर आदराने. आपल्यात आईला तू, देवालाही तू, पण दुसऱ्याच्या आईला तुम्हीच म्हणायचं. मी फोनमध्ये डोकं घातलं आणि ऐटीत विचारलं, “कालियान आपा काबार?” म्हणजे, तुम्ही कशा आहात?

म्हातारीचं हसू मावळलं. तिने बाजूला, पडद्याबाहेर पाहिलं. मग हळूच म्हणाली, “कामी बर्दुआ बाइक.”

दुआ म्हणजे दोन, एवढं मला कळत होतं. आम्ही दोघं बरे आहोत! शेजारी बसलेल्या माझ्या मैत्रिणीने एकच शब्द विचारला, “बर्दुआ?” म्हातारी रडायला लागली, आणि हिने फोन बंद करून टाकला.

मग ती माझ्यावर उखडली. “कालियान का म्हणालीस? तिथे एकटी बाई बसली होती!”

“अगं, मी तिला मान दिला,” मी म्हटलं. “आमच्यात मान द्यायचा तर एका माणसाचे अनेक करतात.”

तिने कपाळावर हात मारला. कालियान हे मैत्रिणींना, पोराबाळांना म्हणायचं. आईला नाही, कधीच नाही. म्हातारीला वाटलं, आम्हाला सगळं कळलंय आणि आम्ही त्या दोघांना मिळून, तेही असं तोडून, विचारतोय. मागाहून कळलं, महिन्याभरापूर्वी तो माणूस आजारी होऊन परत आला होता, आणि आईने त्याला आत घेतलं होतं.

मी ओशाळून विचारलं, “मग आईला म्हणायचं तरी काय?”

“इबू. आईला आईच म्हणायचं. इबू जेवली का, इबू झोपली का. तोंडावरसुद्धा.”

“आणि दोघं असले तर?”

तिने चादर झटकली आणि घडी घालायला लागली.

दोन दिवस फोन झाला नाही. मला जेवण जाईना. एका सर्वनामापायी मी कुणाची तरी आई तोडली होती. तिसऱ्या दुपारी तिने आपणहून फोन लावला. मी उठून जायला लागले तर तिने माझा हात धरून ठेवला. पडद्यावर म्हातारी होती आणि तिच्या शेजारी, मान खाली घातलेला, गंजीफ्रॉकातला एक वाळका माणूस.

“इबू,” ती म्हणाली आणि थांबली.

तेव्हा मला कळलं, ती कुठे अडकलीय. इंग्रजीत ती नुसतं ‘यू’ म्हणून निसटली असती. मराठीत ‘तुम्ही’ म्हणाली असती आणि त्यात बाप धरलाय की नाही, हे कुणाला कळलं नसतं. तिच्या भाषेत तशी पळवाट नव्हती. आईवडिलांना मिळून काही विचारायचं तर आई म्हणावं लागतं आणि बापही म्हणावं लागतं, मोठ्याने, त्याच्या तोंडावर. केवढी कडक भाषा, आणि केवढी मायाळू!

“बापाक,” ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. “बापाक सामा इबू सुदाह मांडी?”

मांडी म्हणजे त्यांच्यात आंघोळ. बाबा नि आई, आंघोळी झाल्या का? संध्याकाळी त्यांच्याकडे घरोघर हेच विचारतात, आणि तिकडे तेव्हा सहा वाजले होते.

त्या माणसाने मान वर केली. मग एखाद्या पोरासारखं तो म्हणाला, “बेलुम.” अजून नाही.

“मांडी दुलू, पाक,” ती ओरडली, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आधी आंघोळ करून घ्या, बाबा.

आणि तो खरंच उठला.